पांढरा ड्रेस

समोरच्या गॅलरीत एक चिमुरडी कराटेच्या पांढऱ्या ड्रेसवर पट्टा बांधत होती. गाठ सुटत होती, ती पुन्हा बांधत होती. इकडे मलाच उगाच घाम फुटला.

तिच्याएवढा असताना वडिलांनी मला गल्लीतल्या तालमीत नेलं. वस्ताद म्हणाले, "आधी महिनाभर माती खणायची, मग कुस्ती." माझा जीव मात्र पलीकडच्या कराटे क्लासच्या ड्रेसवर जडलेला. त्या वयात माणूस विद्या कुठली निवडतो? आरशात आपण कसे दिसू, तेवढं निवडतो. दुसऱ्या दिवशी वस्तादांना बेधडक सांगितलं, "डॉक्टरांनी माती बंद केलीय. मला दम लागतो."

आठवड्याने नवा ड्रेस घालून ऐटीत तालमीपुढून पळत निघालो आणि नेमका दारातच पट्टा सुटला. पाठोपाठ विजारही घसरली. वस्ताद बाहेर आले. आता कानाखाली बसणार! पण ते गुडघ्यावर बसले, विजार वर ओढून पट्टा घट्ट बांधला आणि म्हणाले, "बेतानं जा रं लेकरा. दम लागंल."

त्यांना माझी थाप खरी वाटली होती.

समोरची मुलगी गाठ बसताच धडधडत जिना उतरली. कराटे मी दोन महिन्यांत सोडलं. पण वस्ताद होते तोवर त्या तालमीपुढून कधी पळालो नाही. दम लागल्यासारखा हळूहळू चालत गेलो.