कागदी कंदिलातली मेणबत्ती

नातीच्या जर्मन शाळेत थंडी सुरू झाली की कंदिलांची फेरी निघते. कंदील मुलांनीच केलेले, कागदाचे, आणि आत खरी पेटती मेणबत्ती. दिवेलागणीला मुलं गाणी म्हणत शाळेभोवती फिरतात आणि आईबाप मागून गप्पा मारत येतात. कुणालाच भीती कशी वाटत नाही, ते मला कळेना. कागद आणि विस्तव इतके जवळ, त्यात वारा सुटलेला.

लहानपणी मी चुलीपाशी गेले की आई पाठीत धपाटा घालायची. तिची ती भीती माझ्या अंगात मुरली आहे. रेवाच्या कंदिलातली ज्योत सारखी कागदाकडे झुकत होती, म्हणून मी तिचं मनगट घट्ट धरून चालले होते.

"आजी, हात सोड ना," रेवा म्हणाली. "तू थरथरतेस, म्हणून कंदील हलतोय."

मागून येणाऱ्या तिच्या बाई हसल्या. "सोडा आजी, शिकवलंय आम्ही त्यांना."

मी हात सोडला. रेवा मागे न बघता मुलांच्या रांगेत मिसळली. वारा तसाच होता, तरी तिची ज्योत सरळ उभी राहिली. तेव्हा मला जास्तच भीती वाटली, पण ती विस्तवाची नव्हती.