खळ घातलेला कराटेचा ड्रेस

आज सूनबाईने माझ्या गुडघ्यासाठी तव्यावर निरगुडीचा पाला गरम केला, आणि त्या कडवट वासासरशी मी थेट पनवेलच्या आमच्या जुन्या घरात जाऊन बसले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होते, कराटे शिकत होते. लाथ मारून वळताना गुडघा पिरगळला आणि घरात अडकले. संध्याकाळी क्लासची वेळ झाली की जीव नुसता वरखाली व्हायचा. खाटेवर पडल्या पडल्या मी न दुखावलेला पायच झाडत राहायचे.

"हालू नको गं बाय," पाला बांधताना आई म्हणायची, "पाय हाय का जाल्यातला जिताडा मासा?"

दुखण्यापेक्षा भीती वेगळीच होती. बरी झाल्यावर क्लासला जाऊ ना, असं विचारलं की बाबा "बघू" म्हणायचे, आणि आमच्याकडे बघू म्हणजे नाही. आई तर त्यावर काहीच बोलायची नाही.

एका दुपारी राहवेना, म्हणून भिंत धरत मागच्या दारी गेले. तर आई माझा कराटेचा पांढरा ड्रेस भाताच्या पेजेत बुडवून पिळत होती. लग्नाकार्याच्या साडीला घालतात तशी कडक खळ.

"अगं आई, याला खळ नाय घालत. पाय कसा उचलणार मी?"

"उचलशील," ती म्हणाली. "चार मान्सांत काय चुरगळलेला घालून जाशील?"

तेव्हा मला ड्रेस खराब झाल्याचंच वाईट वाटलं. आता कळतं, बाबांशी ती असंच, न बोलता भांडायची. त्या संध्याकाळी बाबा तारेवरच्या त्या पुठ्ठ्यासारख्या ड्रेसकडे बराच वेळ बघत राहिले, आणि क्लास कधीपासून, एवढंच त्यांनी मला विचारलं.