हॉर्नवरचा हात

ऑस्ट्रेलियातल्या या गावात लांबट चेंडूचा फुटबॉल गाडीत बसूनच बघतात. मैदानाभोवती गाड्या लावायच्या आणि आपल्या संघाने गोल केला की हॉर्न वाजवायचे. माझी नात मीरा इथल्या मुलींच्या संघात आहे. या मोसमातले सगळे सामने हरलोय, आजचा शेवटचा. पुढच्या वर्षी मुली जमल्या नाहीत तर क्लबच बंद होणार.

मी लेकीशेजारी थर्मासमधला चहा पीत बसले होते. हरण्याचं आता काही वाटत नाही. तरुणपणी मात्र मी खो-खोत हरले की या बाईसाहेब उपाशी झोपायच्या. काय तो थाट! जणू राज्यच बुडालं.

शेवटी शेवटी मीराने गोल केला. आमच्या बाजूची एकही गाडी वाजली नाही. हरणं इतकं अंगात मुरलं होतं, की आनंद झाला तर काय करायचं हेच कुणाला आठवेना. मीरा गाडीकडे बघत उभी.

"अगं, हॉर्न!"

"आई, हरलोच आहोत गं आपण."

मी वाकून लेकीच्या पुढ्यातला हॉर्न दाबला. हळूहळू शेजारच्या गाड्यांना जाग आली. मीरा पळत आपल्या जागी गेली.

मला तेव्हाही फारसं काही वाटलं नाही. हात मात्र हॉर्नवरून उचलवेना.