बिनलग्नाचा रंग

आमच्या ठाण्याच्या बाळकुमात घराला बाहेरून रंग लागला की लोक रंगाकडे बघत नाहीत, विचारतात, "लगीन कोनाचा हाय?" दर्शनी भिंत लग्नातच रंगवायची, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. दिवाळीला आतून एक हात मारतात, गणपतीला ओटा धुतात, पण बाहेरची भिंत लग्नाची. आधी रंग, मग पेंटर येऊन दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढतो, वर 'शुभविवाह' लिहितो आणि खाली नवरा-नवरीची नावं. ती नावं पावसाने धुऊन जाईपर्यंत किंवा घरात पुढचं लग्न निघेपर्यंत तशीच राहतात. गल्लीत नवा आलेला माणूससुद्धा भिंती वाचत गेला, तर कुठल्या घरातली सून किती जुनी ते सांगू शकेल.

मला लहानपणापासून या रंगांचं भारी कुतूहल. ओट्याच्या खांबाचा एक कोपरा मी नखाने खरवडत बसायचे. थोरल्या आत्याच्या लग्नातला निळा, त्यावर धाकट्या आत्याच्या लग्नातला गुलाबी. पुढे माझ्या भावाच्या लग्नात त्यावर पिस्ता रंग चढला, आणि तेव्हा मी चांगली नोकरी करणारी बाई असूनही जाता-येता तो कोपरा खरवडून बघितला. गुलाबी अजून खाली आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. आईने हातावर फटका मारला होता.

घर आजोबांनी बांधलेलं. मिठागरातलं काम सुटलं, शेताचा एक तुकडा विकला गेला आणि त्या पैशातून तळमजला अधिक एक असं हे घर उभं राहिलं. त्या काळात जे जे नवं होतं ते सगळं त्यांनी पुढच्या बाजूला लावून टाकलं. ओट्यावर रंगीत फरशीचे तुकडे, जिन्याला सिमेंटची जाळी, बाल्कनीच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य आणि गच्चीच्या कठड्यावर दोन सिमेंटचे सिंह. त्यातल्या एका सिंहाचा जबडा कधीतरी पतंगाच्या दिवसांत पडला, तेव्हापासून तो दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. आज आमच्या चारी बाजूंना टॉवर आहेत. वरच्या मजल्यांवरचे लोक कॉफी पीत आमच्या गच्चीवरचे पापड मोजत असतील.

भावाच्या लग्नानंतर पाळी माझी होती. खरं तर मी थोरली, पाळी आधीच होऊन गेलेली, पण कुठे जमलं नाही. चार-दोन ठिकाणी बोलणी झाली. एकाला माझं शिक्षण जास्त वाटलं, एकाला माझी नोकरी लांब वाटली, आणि एक मला आवडला होता त्याला मी कशी वाटले ते कळलंच नाही. पुढे माझंच मन त्यातून निघालं. डोंबिवलीला एका रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. रंगाच्या पट्ट्या उन्हात ठेवायच्या, पाण्यात बुडवायच्या, कुठला किती उतरतो ते बघायचं. मी त्या कामात रमून जायचे. आणि संध्याकाळी परतून यायचं ते या घरात, जिथे पिस्ता रंगाचे पोपडे निघून भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ आले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दर वर्षी पावसाळा संपला की मी आईला रंगाचं विचारायचे, आणि आई सांगायची, "औंदा नको, बाय. तुजे लग्नान एकदमच देवू."

पहिली काही वर्षं मी हसायचे. मग चिडायचे. मग विचारणंच सोडलं. भाऊ कल्याणला फ्लॅट घेऊन गेला, वडील गेले, मी पन्नाशी ओलांडली, तरी भिंत आपली माझ्या लग्नासाठी थांबलेली. गेटमधून आत शिरताना रोज वाटायचं की मी या घरात राहत नाही, इथून निघायची वाट बघत बसलेय. एस्टी स्टँडवर बसतात तशी. मला एकदा, फक्त एकदा, हे घर माझ्यासाठी रंगवलेलं बघायचं होतं. नवरा नाही, हत्ती नाहीत, नुसता रंग.

गेल्या वर्षी बाल्कनीखालचा गिलावा पडला. कुणाला लागलं नाही, पण तुळशीची कुंडी फुटली, आणि तुळशीपुढे आईचं काही चाललं नाही. ठेकेदाराने घराभोवती चक्कर मारली, भिंतीवर टकटक केली आणि सांगितलं की पाणी आत मुरलंय, सगळं खरवडून पुन्हा गिलावा करावा लागेल, आणि त्यावर रंग दिला नाही तर केलेलं वाया जाईल. मी आईकडे बघितलं.

"दुरुस्ती कर," आई म्हणाली. "रंगाचा मंग बगू."

"मग कधी?"

"लोका इचारतीन तं मी काय सांगू?"

"सांग, भिंत गळत होती."

आई उठून आत गेली. नाही म्हणाली नाही, एवढ्यावर मी ठेकेदाराला होकार देऊन टाकला. मी काही साधी नाही.

खरवडायला सुरुवात झाली तेव्हा मी रजा टाकून ओट्यावर खुर्ची मांडून बसले. पिस्ता गेला, गुलाबी आला, गुलाबीखाली निळा, आणि एके ठिकाणी निळ्याखाली चक्क पिवळा. हा कुणाच्या लग्नातला? मी आईला हाक मारली. ती चष्मा लावून आली, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली की घर नवं होतं तेव्हाचा, वास्तुशांतीचा. म्हणजे एकदा का होईना, या घराला लग्नाशिवाय रंग लागला होता. मला इतका आनंद झाला की मी तो तुकडा कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. आई म्हणाली, "येरी हाईस."

मग वरच्या मजल्यासाठी परांची चढली, आणि घोटाळा तिथेच झाला. आमच्या गल्लीत बांबू बांधले की अर्थ एकच. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याने कल्याणला भावाला फोन केला की तारीख कळवा, सीझनचे दिवस आहेत. भावाने मला कामावर फोन केला.

"ताई, काय चाललंय? मला तरी सांगायचंस ना. कोण आहे?"

"कोण कोण आहे?"

"अगं, भावोजी."

मी इतकी हसले की प्रयोगशाळेतल्या मुली जमा झाल्या. त्याला सांगितलं, भावोजी म्हणजे गिलावा. तोही हसला, पण थोडा उशिरा, आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "असता तरी चाललं असतं हं."

आईला मात्र हसू येत नव्हतं. गल्लीतली धवलारीण घरी येऊन गेली होती. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी म्हणणारी बाई. तिच्याशिवाय हळद लागत नाही. ही आईच्याच वयाची, दोन्ही आत्यांची आणि भावाची लग्नं तिनेच गायलेली. ती दारात उभी राहून म्हणाली होती, "हलद कई हाय? पोरीचे लग्नान मी गानार, गला गेला तरी गानार." आणि आईने तिला काहीच सांगितलं नव्हतं. पाणी देऊन परत पाठवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी कामावरून आले तर घर पांढऱ्या प्रायमरमध्ये उभं, आणि पेंटर बांबू सोडत होते. आईने काम थांबवलं होतं. म्हणाली, पांढराच पुरे आहे, चांगला दिसतो.

मला राग आला. आवाज चढला. म्हटलं, आयुष्यभर माझ्या लग्नाच्या नावाने घर काळं ठेवलंस, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस या भिंतीकडे बघून माझ्याकडे बघायचा, आणि आता भिंत गोरी झाली तर तीही तुला अर्धीच ठेवायचीय. टोमणा मारायचाच होता तर तोंडाने मारायचास, भिंतीने कशाला? हे मी आईला म्हटलं, ऐंशीच्या बाईला, आणि म्हणताना मला थांबता येत नव्हतं.

आई पायरीवर बसली. पदराने गुडघे झाकले.

"टोमना नवता, बाय," ती म्हणाली. "लग्नाबिगर रंग लावला असता तं गाव बोलला असता, आयशीनी पोरीची आस सोरली. तुजा काय व्हयाचा ता होवो, पन आयशीनी सोरली असा मना कोनाला बोलू द्यायचा नवता."

मी तिच्याशेजारी बसले. जी भिंत मी इतकी वर्षं माझ्याविरुद्ध उभी आहे असं समजत होते, ती आईने माझ्या बाजूने धरून ठेवली होती. आम्ही दोघींनी एकच भिंत दोन बाजूंनी बघितली आणि एकदाही एकमेकींना विचारलं नाही. मला, जिला खांबावरच्या रंगाखाली कुठला रंग याचीसुद्धा चौकशी लागते, तिला आईला हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. तुना कंचा रंग पायजे ता सांग."

आता गंमत अशी की हा प्रश्न आमच्या घरात बाईला कुणी कधी विचारलाच नव्हता. निळा आजोबांचा, गुलाबी वडिलांचा, पिस्ता भावाच्या मित्रांचा. आणि मी, रंगाच्याच कारखान्यात केस पांढरे केलेली, अडकले. मी भिंतीवर ठिपके लावून घेतले. विटकरी, मोतिया, पोपटी, आणखी काय काय. सकाळी एक आवडायचा, दुपारी दुसरा. पेंटर वैतागले. टॉवरमधल्या एका अनोळखी बाईने वरून ओरडून पोपटीच्या बाजूने मत दिलं. शेवटी आईने राखाडी निळ्या ठिपक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा ढगाल बरा." मी म्हटलं, ठरवायचं मला आहे. आणि मग ढगाळच ठरवला.

रंग पुरा झाला तो रविवारी. भाऊ आणि वहिनी कल्याणहून आले होते. ओट्यावर बसायला जागा नव्हती, कारण अर्धी गल्ली बघायला आली होती, आणि सगळ्यांच्या पुढे धवलारीण, जरीकाठी लुगडं नेसून, नाकात नथ घालून. बाकीच्या बायका आडून विचारत होत्या, हिने सरळच विचारलं. पेंटरकडे बोट दाखवून म्हणाली, "हत्ती कई कारतान? नवऱ्याचा नाव तं सांगा."

सगळे आईकडे बघायला लागले. भावाने तोंड उघडलं, वहिनीने त्याचा हात दाबला. मी पुढे होऊन काहीतरी गमतीचं बोलणार होते, गळणाऱ्या भिंतीचं वगैरे. ओठांवर तयारच होतं.

आई खुर्चीवरून उठली. भिंतीला हात टेकून उभी राहिली; हाताला रंग लागला, पण तिने हात काढला नाही.

"लगीन नाय," ती म्हणाली. "घर तिचा हाय. तिना रंगवासा वाटला, तिनी रंगवला."

आमच्याकडे माहेरचं घर मुलीचं म्हणत नाहीत, तिथून तिला जायचं असतं. आईने ते वाक्य भावासमोर, गल्लीसमोर, पाण्याचा पेला मागावा इतक्या साध्या आवाजात म्हटलं. भाऊ माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होता. मला रडू आलं, आणि मी ते आवरायला गेले नाही. धवलारीण नथ सारखी करून पायरीवर टेकली. आईने रंगाचा हात पदराला पुसला आणि चहा कुणाकुणाला हवाय ते मोजायला लागली.