स्टिअरिंगवरची लाल चिंधी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात होटगीजवळ आमचा मेडिकल कॅम्प होता. दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी सैन्याने लावलेला. मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट. खांद्यावर दोन स्टार, कडक इस्त्री, आणि डोक्यात हवा टायरपेक्षा जास्त.

कॅम्पला ॲम्ब्युलन्स एकच, जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. दुसरा गिअर टाकला की आपणहून सुटायचा. कॅम्पचे मेकॅनिक, जेऊरचे हवालदार नामदेव यांनी गिअरबॉक्स उतरवला. दोन दिवस पोत्यावर बसून एकेक गिअर रॉकेलने धुतला.

"ह्ये दात बघा, सिस्टर. म्हाताऱ्याच्या तोंडावानी झाल्यात."

भंगारातल्या जीपचा चांगला गिअर काढून त्यांनी आत बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गिअरबॉक्स जॅकने उचलून जागेवर चढवला. आत घालायचं तेल मात्र संपलेलं. ते आणायला हवालदार सायकलवरून सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गेले. जाताना स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून गेले. त्यांची ती रीत होती: चिंधी आहे, गाडीला हात लावायचा नाही. ही रीत मला कोणी सांगितली नव्हती, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला बजावत होते. विचारलं मीही नव्हतं.

दहाला मेजरसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं. चिंधी मला घाण दिसली. सोडली, कचऱ्यात टाकली. सगळं टापटीप बघून साहेब म्हणाले, "गुड टर्नआउट." बाई, म्हणजे मी, फुगल्या.

११.४०. वायरलेस. "मजूर बाई दरडीखाली सापडली. पाय चिरडलाय, रक्त थांबत नाही. गाडी पाठवा. ओव्हर."

ड्रायव्हर लान्स नाईक शिवप्पा, अक्कलकोटकडचा. दोन दिवस पाण्याच्या टँकरवर होता, नुकताच परतलेला. सगळे मला सिस्टर म्हणत, तो एकटा अक्का म्हणायचा.

"गाडी तयार झाली काय, अक्का?"

"रेडी आहे. चल."

१२.१५ला कामावरून त्या बाईला घेऊन आम्ही सोलापूरच्या दवाखान्याकडे निघालो. मी मागे, तिची मांडी पट्ट्याने आवळून धरलेली. खालून रडल्यासारखा बारीक आवाज येत होता.

"अक्का, आवाज बरोबर न्हाय."

"नवा गिअर आहे. बसेल हळूहळू."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गिअरचा दांडा लई तापलाय. थांबून बघतो की."

"थांबलास तर ही मरेल. ऑर्डर आहे, चल."

 ओढ्याच्या उतारावर जळका वास आला. मग खाली लोखंड फुटल्यासारखं झालं आणि चाकं जागच्या जागी जखडली. जीप फरफटली आणि उजव्या अंगावर ओढ्यात पडली. १२.३५.

बाई वाचली. माझं गळपट्टीचं हाड मोडलं. शिवप्पा जागीच गेला.

चौकशीत हवालदार म्हणाले, "चिंधी बांधायची राहिली आसंल माज्याकडनं, साहेब." अठरा वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर ठेवून ते समोर बघत राहिले.

मी उभी राहिले. "बांधली होती. मी काढली. आणि थांबू मीच दिलं नाही."

मला लेखी ताकीद मिळाली. कॅम्प उठला त्या दिवशी हवालदार माझ्याकडे आले. अपघातानंतर माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

"सिस्टर, शिवप्पाला बाहीर काडला तवा त्येचा पाय क्लचवरच हुता. दाबून धरल्याला. चाकं सुटावीत म्हून शेवटपतोर बघत हुता."

लान्स नाईक शिवप्पा. वय तेवीस. नातवंडांना मी माझ्या मूर्खपणाच्या पुष्कळ गोष्टी सांगते, लोडाला टेकून, हसत. ही एकच उभं राहून सांगते.