दत्तारामचा फोटो आणि रोह्याची पोपटी

साताऱ्याहून निघताना बायकोला सांगितलं, "रोह्याला जुन्या मित्राकडे जाऊन येतो." ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मी निघालो होतो तपासणीला.

एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. समोरचा माणूस खिशात हात घालतो कसा, यावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही हे मला कळायचं. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. दूधवाल्यावर संशय, औषधाच्या दुकानावर संशय, आणि गेली दोन वर्षं सगळ्यात जास्त संशय वजनाच्या काट्यावर.

सात वर्षांपूर्वी पुण्यात माझं वजन उतरवण्याचं ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी पिशवी तेवढी ठेवतात. एकशे बेचाळीस किलोचा मी दोन वर्षांत शहाऐंशीवर आलो. जिने चढायला लागलो, साखर आटोक्यात आली, गाडीच्या दोन सीटांऐवजी एका सीटवर मावायला लागलो. मग चोरपावलांनी वजन परत आलं. आता एकशे नऊ. घरचा काटा खोटा म्हणून शेजाऱ्यांचा आणला, तो खोटा म्हणून रेशन दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. तिन्ही काट्यांनी संगनमत केलं होतं.

डॉक्टरांना म्हणालो, "पोट ताणलं गेलंय. दुसरं ऑपरेशन करून टाका." ते म्हणाले, "काही जणांना करावं लागतं. पण आधी तपासण्या करू, आणि दिवसभरात तुम्ही नेमकं काय खाता ते मला नीट सांगा." मी म्हटलं, "फारसं काही खातच नाही हो." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी चांगली ओळखतो. बिनतिकिटाच्या माणसाकडे मी तशीच बघायचो. "सोमवारी वहिनींना घेऊन या, मग ठरवू," एवढंच ते म्हणाले. घरी हे सांगितल्यापासून बायको ऑपरेशनचं नावच काढत नव्हती.

राहिला दत्ताराम. त्याचं आणि माझं ऑपरेशन एकाच दिवशी झालं होतं, आणि खाटा शेजारीशेजारी. रोह्याजवळच्या एका खेड्यातला, एका कंपनीच्या गेटवर शिफ्टमध्ये काम करणारा. फोनवर अधूनमधून बोलणं व्हायचं. मोबाइलवरच्या त्याच्या फोटोत तो अजून तस्साच, पट्ट्याच्या शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. हे कसं शक्य आहे? एकतर हा उपाशी राहतो, नाहीतर गुपचूप दुसरं ऑपरेशन करून आलाय. माझा कल दुसऱ्या गोष्टीकडे होता. सोमवारच्या आत काय ते बघून यायचं ठरवलं, आणि येतोय एवढंच त्याला फोनवर कळवलं.

पुण्याला गाडी बदलून खोपोलीमार्गे पेणला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माघ उतरणीला लागला होता, तरी उन्हाला खारा चिकटपणा होता. स्टँडबाहेर एका खाणावळीच्या फळ्यावर 'जिताडा थाळी' लिहिलेलं. जिताडा म्हणजे इथल्या खाडीचा आणि तळ्यांचा लाडका मासा. जावई आला की तळ्यातला जिताडा काढतात म्हणे. मालकाला विचारलं, "ताजा आहे कशावरून?"

"सकाळी तल्यातनं काढलाय, साहेब. आता त्याला उठवून विचारू काय?"

उत्तर उद्धट होतं, पण मासा ताजा होता. भूक लागली होती, गाडीच्या आडव्यातिडव्या वेळापत्रकानं डोकं तापलं होतं. दोन मोठे घास भराभर गिळले आणि तिसऱ्याला छातीत अडकलं. ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. घास खाली जात नाही, वर येत नाही, तोंडात लाळ सुटते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मोरीकडे पळालो. मालक मागोमाग ओरडत, "आमच्या माशाला नावं ठेवू नका हां! पन्नास मानसं जेवून गेली!" पाठीवर थापही तोच मारत होता.

म्हणून तर मी असलं घट्ट काही खात नाही. मासा, चिकन, उसळ, सगळं अडकतं. मऊ असेल तेवढंच जातं. हेच मी डॉक्टरांना सांगत होतो.

बायकोनं पोह्याचे पापड आणायला सांगितले होते, म्हणून पापडवाल्यांच्या गल्लीत शिरलो. एका घराच्या पडवीत चार बायका पापड लाटत बसल्या होत्या. त्यांतल्या थोरलीनं लाट्यांचं ताट माझ्यापुढे केलं (लाटी म्हणजे पापडाच्या पिठाची कच्ची गोळी, कच्च्या तेलात बुडवून खातात). पीठ शिळं नाही ना, हे पाहायला मी एक चाखली. तिखट, मऊ, जिभेवरून गुळगुळीत घसरत गेली. कुठे अडकायचं नाव नाही. पापड बांधून होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

"जेवलात काय?" बाईनं विचारलं.

"नाही. मला जेवण जात नाही. ऑपरेशन झालंय पोटाचं."

"अगो बया!" ती हळहळली. मग ताटाकडे बघून म्हणाली, "पन भाऊ, लाट्या सात गेल्या."

बाकीच्या तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. मी काय जेवलो होतो? नुसतं चाखत होतो. माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची ही कसली रीत! पिशवी उचलली आणि तडक स्टँड गाठला.

रोह्याची गाडी वडखळपर्यंत रखडत गेली. रस्त्याच्या कडेला मिठागरं, त्यांत पांढऱ्या ढिगांच्या रांगा. गडबच्या आसपास भाताची शेतं कापून झालेली आणि त्याच ओलीवर वाल लावलेला. हिरव्या पट्ट्यांवर बगळे. डोळ्यांना बरं वाटत होतं, पण मनातून ती बाई जाईना. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला, त्यात बुडवून चार बिस्किटं खाल्ली. सात म्हणे! घातल्या असतील तिनं मनानं दोन.

रोह्याच्या स्टँडवर दत्तारामला शोधू लागलो. सडपातळ माणूस कुठं दिसेना. स्कूटरवर बसलेला एक गोल गरगरीत इसम मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता. मी पिशवी छातीशी धरली.

"अण्णा?" तो म्हणाला. "हाय का वळख?"

आवाज दत्तारामचा होता. बाकी काही फोटोतलं नव्हतं.

"तो फोटो?" मी विचारलं.

"पाच वर्सांपूर्वीचा. आनि तुमचा?"

माझाही फोटो शहाऐंशी किलोचाच होता.

"मला वाटलं तुमी तसेच हायत," तो म्हणाला. "तुमी पडले तपासनीस. नवा फोटो टाकायची हिंमतच नाय झाली." आणि भर स्टँडवर तो एवढा हसला की स्कूटर कलंडायला आली. मला हसू आलं नाही. अडीचशे किलोमीटर येऊन मी एका बनावट पासाची तपासणी केली होती, आणि तसलाच पास माझ्या खिशात होता.

कुंडलिकेचा पूल ओलांडून त्याच्या गावाकडे जाताना तो सांगत होता, "यंदा आठ किलो उतरलंय, अण्णा. बायकोनं पकडलं मला." मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, "औषध घेतोस?" "नाय." "मग उपाशी राहतोस." "उपाशी? चला, आज पोपटी हाय. बघाच."

पोपटी हा या भागातला थंडीतला सोहळा. वालाच्या शेंगा आल्या की शेतात मडकं लावतात. दत्तारामच्या वावरात त्याची बायको सुनंदा आणि तिची जाऊ आधीच कामाला लागल्या होत्या. सुनंदावहिनी बुटक्या, चटपटीत, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला (शेताच्या बांधावर उगवणारी उग्र वासाची वनस्पती), त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मग अंडी, मसाला चोळलेलं कोंबडीचं मांस पानात गुंडाळून, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. मडकं उपडं घातलं, भोवती काटक्या आणि पेंढा रचला, आणि पेटवून दिलं. सूर्य अजून डोंगरावर हातभर होता.

"पाणी?" मी विचारलं.

"नाय घालत."

"तेल?"

"नाय."

"मग शिजणार कसं? करपेल."

"भावजी, तुमी बसा बघू," सुनंदावहिनी म्हणाल्या.

दहा मिनिटांनी मी काठी घेऊन मडकं जरा कलतं करून बघायला गेलो, तर जाऊबाई ओरडल्या, "अवो, हात नका लावू! वाफ गेली की कच्ची ऱ्हाते." पोपटी मधे उघडून बघायची नसते. थोड्या वेळानं वहिनींनी तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्रकन उडून गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "झाली."

पाला ओढून मडकं रिकामं केलं आणि ओव्याचा असा वास सुटला की संशय घ्यायला सवड मिळाली नाही. मी हात पुढे केला. वहिनींनी माझ्यापुढे एक अंडं, मांसाचे दोन तुकडे आणि ओंजळभर शेंगा ठेवल्या. पाण्याचा तांब्या उचलून पलीकडे नेला. तांदळाची भाकरी झाकून ठेवली.

आता मात्र मला स्पष्ट वाटलं की हे हात आखडता घेतायत.

"वहिनी, मला मांस अडकतं," मी म्हटलं. "भाकरी चहात कुस्करून दिलीत तरी चालेल."

दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. "तेच!" दत्ताराम म्हणाला. "अगदी तेच, अण्णा. मला पन मासा अडकायचा. म्हनून मी पेज, म्हनून चा-बिस्कुट. गेटवर एका शिफ्टला सहा वेळा. घरी येऊन म्हनायचो, मी जेवतच नाय. आनि ते खरं होतं! जेवतच नव्हतो. दिवसभर नुसतं घसरत जात होतं."

"मऊ गेलं की पोटात थांबत नाय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या हितल्या डाक्तरीनबाईंनी सांगितलंय, आधी मासा-अंडं-कडधान्य, मग भाकरी. जेवताना पानी नाय. आनि तोंड रिकामं झाल्याबिगर दुसरी शेंग सोलायची नाय. अडकतं ते मटनामुळं नाय भावजी, घाईमुळं अडकतं."

मी वाद घालणार होतो. पण शेंग सोलायला घेतली होती. एक सोलायची, दोन-तीन दाणे चावायचे, मग दुसरी. वालाचे दाणे घट्ट आणि किंचित कडवट, चावल्याशिवाय सुटका नाही. मांसाचा तुकडा दत्तारामनं नखाएवढा तोडून दिला. वाफेवर शिजलेला, ओलसर. चावला. गेला. दुसरा गेला. कुठेही अडकलं नाही. माझ्या पुढ्यात अजून दहाबारा शेंगा होत्या आणि माझं नाक वाहायला लागलं.

"धूर आहे," मी रुमाल काढत म्हटलं.

"धूर तर पल्याड चाललाय, अण्णा." दत्ताराम माझ्याकडे रोखून बघत होता. "इसरलात काय? पैल्या वर्साला आपली नाकं अशीच वाहायची. पोट भरलं की."

विसरलो होतो, पार विसरलो होतो. ऑपरेशननंतर पोट भरलं की नाकाला पाणी सुटायचं, उचकी यायची. कित्येकांना होतं तसं. खाटेवर बसून आम्ही दोघं एकमेकांना चिडवायचो, 'भरली टाकी!' ती खूण बंद होऊन चार वर्षं झाली असतील. मी धरून चाललो होतो की पोटच बिघडलं. आणि ते इतकी वर्षं जागच्या जागी होतं. मीच त्याला चुकवून मागच्या दारानं माल नेत होतो. सात लाट्या. चार बिस्किटं. घरी दुधात कुस्करलेली पोळी, खीर, सायंकाळी चहाबरोबर खारी, आणि परत खारी.

अंडं तसंच राहिलं. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. वहिनींनी जाऊबाईंना डोळ्यांनी खुणावलं आणि दोघी भांडी आवरण्याच्या निमित्तानं बांधापलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून निघालो. परतीच्या गाडीत मला एक गोष्ट मात्र नीट कळून चुकली होती: एका पोपटीनं वजन उतरत नाही. दत्तारामचे आठ किलो उतरायला अख्खं वर्ष गेलं, आणि अधेमधे दोन वाढलेही. शरीर गेलेलं वजन परत ओढतं, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. मी ते निमित्त म्हणून ऐकलं होतं. तपासण्या तर करायच्याच होत्या. पण सोमवारी त्यांच्यासमोर बसून 'फारसं खात नाही' म्हणणं आता मला जमणार नव्हतं.

साताऱ्याला घरी पोचलो. बायकोनं पापड उचलून बाजूला ठेवले, पाणी दिलं, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मग? ठरलं का ऑपरेशन?"

तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. लाट्यांपासून सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिलो. तिच्या नकळत डब्यातून खाल्लेली खारी, देवळाच्या नावाखाली घेतलेला चहा, रात्रीचं दूध-साखर. माझं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पहिल्या वेळी कागदावर सही मी केली होती," ती म्हणाली. "तुम्हाला आत नेल्यावर साडेतीन तास मी त्या बाकावर कशी बसले ते माझं मला माहीत. दुसऱ्यांदा सही झाली नसती माझ्याच्यानं. आणि मला ते डब्यातलं सगळं ठाऊक होतं हो, दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते. तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

नसता ठेवला. तिलाही तसंच सांगितलं.