आधी मागचं घर, मग पुढचं

मागच्या अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर आप्पांचा पाय घसरला, तेव्हाच मी ठरवलं की आता न्हाणीघर घरात घ्यायचं. लागलं फार नव्हतं, कोपर सोलवटलं होतं. पण पडल्यावर ते ज्या शांतपणे तिथंच बसून राहिले, कुणीतरी येईल म्हणून, ते मला बघवलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून भोकरदनच्या या घरात आम्ही दोघंच. मी इथल्या शाळेत शिकवते. आप्पा बसचे कंडक्टर होते. उभी नोकरी भोकरदन ते जालना आणि जालना ते भोकरदन करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू मिटत गेली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना गालावर पडणाऱ्या उन्हावरून कळतं. घरात मात्र काठी लागत नाही. घर त्यांच्या पायांना पाठ आहे.

घरही फार मोठं नाही. रस्त्याकडची बैठकीची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि अंगणाच्या टोकाला न्हाणीघर. स्लॅब गळायला लागला होता, भिंतींना फुगारा आला होता. काढायचंच काम तर सगळं एकदम काढू, असं मला वाटलं. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली भिंत नुसती आडोशाची होती. ती पाडली की एक ऐसपैस खोली होणार होती आणि तिच्या कोपऱ्यात न्हाणीघर बसत होतं.

मिस्त्री आले, घरभर हिंडले आणि ओट्यावर बसून त्यांनी कामाचा क्रम सांगितला. आधी वर स्लॅबचं पाणी बंद करायचं. मग जे पाडायचं ते सगळं एकदाच पाडायचं. मग नळाचे पाइप, विजेच्या वायरी भिंतीत गाडायच्या, त्यावर प्लास्टर, मग फरशी, दारं आणि सगळ्यांत शेवटी रंग. तेवढे दिवस तुम्ही भाड्यानं कुठं तरी राहा, नाहीतर म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं पाठवा, असंही म्हणाले. वडीगोद्रीला माझी मावशी आहे. तिनं आनंदानं ठेवून घेतलं असतं. मी तेच मनात धरून होते.

आप्पा सगळं ऐकत होते. मिस्त्रींचं बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग मी चालायचं कुठून?"

मिस्त्रींना वाटलं त्यांना नीट समजलं नाही, म्हणून ते परत सांगायला लागले. आप्पांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, "तुमचा क्रम बराबर हाये. पण मी वडीगोद्रीला जाऊन परत आलो, तर हे घर मला नवखं असंल. या वयात मला नवं घर शिकता येणार न्हाई. तुम्ही पाडून राह्यले, बांधून राह्यले, ते माझ्या कानावर पडू द्या. तसं तसं मी शिकंल."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. मला आधी हे सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ओट्यावर बसून क्रम पुन्हा लावला. स्लॅबचं काम सुरुवातीलाच, त्यात वाद नव्हता. त्यानंतर घराचे दोन भाग करायचे. आधी मागचा भाग फरशीपर्यंत पुरा करायचा. तोवर आप्पांची खाट आणि माझी शेगडी बैठकीत. मग आम्ही मागं जायचं आणि पुढची बैठक उकरायची. जुनं न्हाणीघर नवं चालू झाल्यावरच पाडायचं. रंग तेवढा एकदम, शेवटी. मिस्त्रींनी नाराजीनं मान्य केलं. दोनदा धूळ होईल, फरशीचे सांधे दाराशी जुळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आप्पा म्हणाले, जुळवूच नका, तिथं खरखरीत दगडाची पट्टी टाका. पाय पडला की खोली बदलली एवढं कळलं म्हणजे झालं.

काम सुरू झालं आणि घर विलक्षण झालं. मागची दारं चौकटीसकट काढलेली, खिडक्या उघड्या. दुपारी शाळेतून यायची तर हिवाळ्यातलं मऊ ऊन थेट चुलीच्या जागेपर्यंत पसरलेलं असायचं आणि त्यात सिमेंटची धूळ तरंगत असायची. चिमण्या एका खिडकीतून आत येऊन दुसऱ्या खिडकीनं बाहेर जायच्या. सगळं पांढुरकं, अर्धवट, आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे. मी त्या खोलीत उगाच उभी राहायची. घरानं अजून काही ठरवलेलं नाही, असं वाटायचं.

आप्पा बैठकीत खाटेवर बसून कान देऊन असायचे. हा छिन्नीचा आवाज, हा थापीचा, हे पाणी मारून राह्यले. संध्याकाळी कामगार गेले की माझा हात धरून ते झालेलं काम हातानं बघत. नवीन प्लास्टरवर तळवा टेकवून बराच वेळ थांबत. गार असायचं ते, ओल धरलेलं.

भिंत पडली त्या दिवशी त्यांनी माझा हात सोडला. एकटेच चालत गेले आणि जिथं भिंत होती तिथं बरोबर थांबले. हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही. मग आणखी पुढं केला. पलीकडं आईची चूल असायची. ते तसेच हवेत हात धरून उभे होते आणि मला वाटलं आता ते वळतील, नेहमीसारखे दाराच्या बाजूनं. पण त्यांनी एक पाय उचलून पलीकडं टाकला, उंबरा ओलांडावा तसा.

"इतकं जवळ होतं व्हय," ते म्हणाले.

सकाळी चहा घेताना ते कधीकधी स्वप्नं सांगायचे. स्वप्नात त्यांना दिसतं, अगदी स्वच्छ. घर मात्र जुनंच दिसायचं. भिंत जागेवर, आई पलीकडं भाकरी थापत बसलेली. मागचा भाग पुरा होऊन आम्ही तिकडं राहायला गेलो, बैठकीचं काम निघालं, तरी स्वप्नात जुनंच घर. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. जाऊन येतो तिकडं, असं म्हणायचे.

मग बैठकीची फरशी झाली आणि रंगाची वेळ आली. रंग मी ठरवून टाकला होता, फिकट दुधाळ. आप्पांना विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं, असं मनात असेल. रंगारी येणार त्या सकाळी आप्पा जरा उशिरा उठले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले.

"आज नवं घर दिसलं," ते म्हणाले. "भिंत नव्हती. मी इकडून तिकडं चालत गेलो. तुझी माय कुठं दिसली न्हाई, पण घर चांगलं व्हतं."

मी विचारलं, "रंग कोणता होता?"

त्यांनी कप खाली ठेवला. हिवाळ्यात राजूरच्या पुढं बसच्या खिडकीतून कोवळा हरभरा दिसायचा ना, ऊन पडायच्या आधी, दव असताना. तसला, असं ते म्हणाले.

मी रंगाऱ्याला फोन करून दुधाळ रंग परत द्यायला सांगितला. दुकानात गेल्यावर हिरव्याच्या पट्टीसमोर मीच घोटाळले. एक फार पोपटी, एक फार करडा. शेवटी एका सकाळी पहिल्या बसनं राजूरपर्यंत गेले, उतरून एका शेताच्या बांधावर उभी राहून ऊन वर येईतो बघत राहिले. परत येऊन बोट ठेवलं, हा. बरोबर तोच असेल असं नाही. आप्पांनी विचारलं, जमला का. मी म्हणाले, जवळजवळ. त्यांना ते पुरलं.

रंग वाळला, पण सामान आत न्यायचा क्रम कुणीच ठरवला नव्हता. खाट, कपाट, धान्याची कोठी, देव्हारा, भांड्यांची पोती, सगळं रंगासाठी बाहेर काढून अंगणात लिंबाखाली मांडलेलं. आप्पा त्याच्या मधोमध खुर्चीवर बसले होते, भिंती नसलेल्या खोलीत बसल्यासारखे. मी म्हटलं, सांगा, आधी काय नेऊ.

"आधी देव. मंग खाट," ते म्हणाले, आणि थांबले. "बाकीचं राहू दे थोडं. आत आवाज मोकळा येऊन राह्यलाय."

मी देव्हारा ठेवला, खाट टाकली. आप्पा आत आले, दगडाच्या पट्टीवर पाय पडताच क्षणभर थबकले आणि सरळ मागच्या टोकाला जाऊन परत आले, कशालाही हात न लावता. मी गॅस जोडून चहा टाकला. कपाट आणि कोठी आणखी काही दिवस बाहेरच राहिली.